टेक्ससमधील राहत्या घराची करसवलत : काउंटीच्या विनामूल्य अर्जसेवेविषयी

टेक्ससमध्ये राज्याचा आयकर नाही, आणि त्यामुळेच शाळांचा व स्थानिक सेवांचा मोठा भार घरांवरील मालमत्ता करावर पडतो. हा भार हलका करणारी, मालक स्वतः राहत असलेल्या घराला मिळणारी सवलत म्हणजे ‘होमस्टेड एक्झम्प्शन’. तिचा अर्ज काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, मूल्यांकन कार्यालयात, ज्याला इथे सगळे ‘अप्रेझल डिस्ट्रिक्ट’ म्हणतात, करावा लागतो आणि त्यासाठी एक पैसाही द्यावा लागत नाही. आम्ही ही सेवा दोन वर्षे उशिरा वापरली. तिच्यात उणिवा आहेत, तरीही माझे मत स्पष्ट आहे : हे काम दुसऱ्या कोणाला पैसे देऊन करून घेण्याचे कारण नाही.

डॅलसजवळच्या एका उपनगरात आम्ही ऑक्टोबर २०२१मध्ये घर घेतले. त्यानंतर काही आठवड्यांत एका खासगी कंपनीचे पत्र आले. त्यावर आमचे नाव, घराचा पत्ता आणि खरेदीची तारीख होती, मांडणी सरकारी नोटिशीसारखी होती आणि सवलतीचा अर्ज भरून देण्यासाठी काही डॉलर मागितले होते. ही फसवणूक आहे असे समजून आम्ही ते पत्र फाडून टाकले, आणि इथेच आमची खरी चूक झाली. पत्राबरोबर आम्ही सवलतीचा विषयही मनातून काढून टाकला. घराच्या कागदपत्रांवर सह्या करताना जे काही सरकारी सोपस्कार होते ते कर्ज देणाऱ्या बँकेने किंवा मालकीहक्काची कागदपत्रे तपासून व्यवहार पूर्ण करणाऱ्या टायटल कंपनीने पूर्ण केले असतील, असे आम्ही गृहीत धरले. ही सवलत आपोआप मिळत नाही. मालकाने अर्ज केल्यावरच मिळते. नव्याने घर घेतलेल्या अनेक मराठी कुटुंबांना ही गोष्ट कोणी सांगत नाही, म्हणून मी ती इतक्या आग्रहाने लिहीत आहे.

आमच्या लक्षात हे आले ते २०२३च्या अखेरीस. त्या नोव्हेंबरमध्ये मतदारांनी राज्याच्या घटनादुरुस्तीला मान्यता दिली आणि शाळेच्या करासाठीची सवलत ४० हजार डॉलरवरून १ लाख डॉलरवर गेली. माझ्या नोकरीच्या ठिकाणी जेवताना सहकारी त्याविषयी बोलत होते, तेव्हा मी सहज आमच्या घराचे खाते काउंटीच्या संकेतस्थळावर उघडून पाहिले. सवलतीच्या रकान्यात काहीच नव्हते. सवलत १ लाख डॉलरची याचा अर्थ कर तेवढ्याने कमी होतो असा नाही, तर घराच्या करपात्र किमतीतून तेवढी रक्कम वजा होते. आमच्या शाळा जिल्ह्याचा, म्हणजे सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेचा, त्या वर्षीचा दर शंभर डॉलरला १.१० डॉलर होता, म्हणजे या एका वजावटीने कर ११०० डॉलरने उतरणार होता.

अर्जाचा नमुना संपूर्ण राज्यात एकच आहे, फॉर्म ५०-११४. मालकी कधीपासून, राहायला कधी आलात, घरात तुमचा हिस्सा किती, दुसऱ्या कोणत्या घरावर ही सवलत घेत आहात का, एवढेच मुख्य प्रश्न आहेत. साध्या अर्जाला नोटरी लागत नाही. अमेरिकेचे नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड आहे का, हा प्रश्न त्यात नाही; कायदा पाहतो ती मालकी आणि प्रत्यक्ष वास्तव्य. एच-वन-बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असल्यामुळे आपल्याला काही मिळणार नाही, असे समजून गप्प बसलेली दोन कुटुंबे मला आमच्याच मराठी मंडळात भेटली.

सगळी मेख ओळखपत्रात आहे. टेक्ससच्या ड्रायव्हिंग लायसन्सवरील किंवा राज्याच्या ओळखपत्रावरील पत्ता आणि ज्या घरासाठी अर्ज आहे त्याचा पत्ता एकच असावा लागतो. माझ्या लायसन्सवर जुन्या भाड्याच्या अपार्टमेंटचा पत्ता तसाच राहिला होता. घर बदलल्यावर ३० दिवसांत पत्ता बदलून घ्यावा असा इथला नियम आहे, तो मी पाळला नव्हता. ११ डॉलर भरून पत्ता बदलला, नवे कार्ड हाती येईपर्यंत थांबले आणि मगच जानेवारी २०२४मध्ये अर्ज दाखल केला. घर घेताच सर्वांत आधी हे काम उरकले असते तर पुढचा अर्धा पत्रव्यवहार टळला असता.

आता उणिवा. चालू वर्षाचा अर्ज कार्यालयाच्या संकेतस्थळावर वीस मिनिटांत झाला, परंतु मागील वर्षांचा दावा कुठे करायचा याचा तिथे उल्लेखच नव्हता. कायद्याप्रमाणे त्या वर्षाचा कर थकीत ठरण्याच्या तारखेपासून दोन वर्षांपर्यंत उशिराचा अर्ज चालतो. २०२२चा कर १ फेब्रुवारी २०२३ला थकीत ठरणार असल्याने आमच्याकडे जानेवारी २०२५ संपेपर्यंत मुदत होती. हे मला नियम वाचून कळले, पडद्यावरून नव्हे. दूरध्वनी केला तेव्हा पहिल्या खेपेस ‘मागचे मिळत नाही’ असे उत्तर मिळाले. दुसऱ्या दिवशी ज्या बाई बोलल्या त्यांनी मात्र शांतपणे सांगितले की २०२२ आणि २०२३साठी स्वतंत्र कागदी अर्ज टपालाने पाठवा आणि, लायसन्सवरील पत्ता तेव्हा जुना होता म्हणून, १ जानेवारी २०२२ला तुम्ही या घरात राहत होता हे दाखवणारे विजेचे बिल जोडा. एकाच कार्यालयातून एकाच प्रश्नाला दोन उत्तरे मिळावीत, हे मला खटकले. पहिल्या उत्तरावर विश्वास ठेवून किती लोकांनी आपला हक्क सोडून दिला असेल, या विचाराने आजही अस्वस्थ व्हायला होते.

खरेदीखतावर माझे मधले नाव होते आणि लायसन्सवर नव्हते, त्यामुळे आणखी एक पत्र आले. वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव मधे लावण्याची आपली पद्धत इथल्या लिपिकांना ठाऊक असण्याचे कारण नाही. पासपोर्टची प्रत पाठवल्यावर तो प्रश्न मिटला.

साधारण सहा आठवड्यांनी तिन्ही वर्षांची मंजुरी आली. या सवलतीचा दुसरा फायदा असा की ती मिळालेल्या पहिल्या वर्षानंतर घराची करासाठी धरली जाणारी किंमत वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढवता येत नाही, नवे बांधकाम केले असेल तर तेवढे सोडून. आमच्या घराचे बाजारमूल्य २०२२मध्ये ३ लाख ६० हजार होते आणि २०२३मध्ये ते ४ लाख ३० हजार धरले गेले होते. मागील वर्षांपासून सवलत लागू झाल्यामुळे २०२३ची मर्यादा ३ लाख ९६ हजारांवर आली आणि त्यातून १ लाख वजा होऊन शाळेचा कर २ लाख ९६ हजारांवर आकारला गेला. केवळ शाळेच्या करापोटी त्या एका वर्षाचे १४७४ डॉलर परत आले. कर बँकेच्या एस्क्रो खात्यातून, म्हणजे मासिक हप्त्याबरोबर करासाठी पैसे जमा होतात त्या खात्यातून, भरलेला असला तरी चेक आमच्या नावाने आला, आणि पुढच्या फेरआढाव्यात घराचा मासिक हप्ताही उतरला.

नोव्हेंबर २०२५च्या मतदानानंतर शाळेच्या करासाठीची वजावट १ लाख ४० हजार डॉलर झाली आहे. ६५ वर्षे पूर्ण केलेल्या किंवा अपंग मालकांना आणखी ६० हजारांची वजावट मिळते. कमाई जितकी साधी, तितके हे आकडे त्या घराला महत्त्वाचे ठरतात.

भारतात आईवडिलांच्या आजारपणासाठी अनेकांना महिनोन्‌महिने जावे लागते, आणि तेवढ्याने सवलत जाईल ही भीती मी पुष्कळांच्या तोंडून ऐकली आहे. परत येण्याचा इरादा असेल, दुसरीकडे कायमचे घर केले नसेल आणि अनुपस्थिती दोन वर्षांपेक्षा कमी असेल, तर सवलत कायम राहते. याउलट नवे घर घेऊन जुने भाड्याने दिले, तर जुन्या घरावरील सवलत कार्यालयाला कळवून सोडायला हवी, कारण पतिपत्नींना मिळून एकाच घरावर ती घेता येते आणि चुकीने घेतलेल्या सवलतीचा मागील पाच वर्षांपर्यंतचा कर वसूल होऊ शकतो. पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराला ४० टक्के सवलत आणि त्यासाठीचा पीटी-३ अर्ज ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना स्ववापराचा पुरावा देण्याची ही कल्पना नवी वाटणार नाही.

राज्याच्या २०२३च्या कायद्यानुसार मूल्यांकन कार्यालयाने दर पाच वर्षांत किमान एकदा प्रत्येक सवलतीची पडताळणी करायची आहे. त्यासंबंधी काउंटीकडून येणारे पत्र खरे असते आणि त्याला उत्तर न दिल्यास सवलत जाऊ शकते, म्हणून आता सरकारी दिसणारे कोणतेही पत्र फाडण्याआधी मी त्यावरील पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक काउंटीच्या संकेतस्थळाशी ताडून पाहते.