ब्युव्हेरियाची पावडर, आठ महिन्यांनंतर: भांडण बुरशीशी नाही, पाकिटाशी आहे

महिन्याभरापूर्वी ब्युव्हेरियाचं, म्हणजे झाडांवरचे किडे मारायला फवारतात त्या बुरशीच्या पावडरीचं, पाचवं पाकीट कात्रीने कापलं आणि पांढरा धुरळा उडून थेट उजव्या डोळ्यात गेला. डोळ्यात कॉन्टॅक्ट लेन्स होती. लेन्स काढली, डोळा भरपूर पाण्याने धुतला, तरी रात्रीपर्यंत लाली उतरेना. घरात मागे कधीतरी आणलेली थेंबांची बाटली अर्धी शिल्लक होती. काहीही वाया घालवणं माझ्या जिवावर येतं, त्यामुळे ती उघडलीही होती. पण धीर झाला नाही. सकाळी बाटली पिशवीत घालून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले.

त्यांनी डोळ्यात रंग घालून तपासलं. कॉर्नियावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर, ओरखडा नव्हता. बाटली वाचल्यावर मात्र त्यांचा आवाज चढला, कारण त्यात स्टेरॉईड होतं. ब्युव्हेरियामुळे कॉर्नियाला संसर्ग झाल्याची मोजकी उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत. त्यांत बहुतेक वेळा डोळ्याची आधीची इजा, लेन्स किंवा असेच स्टेरॉईडचे थेंब जोडीला असतात. स्टेरॉईडने डोळ्याची प्रतिकारशक्ती दबते आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. लेन्स फेकून द्या म्हणाले. जवळजवळ नवी होती, तरी फेकली.

मग कंपनीच्या हेल्पलाइनला फोन केला. ‘जैविक आहे मॅडम, काही होत नाही.’ तीन फोन, तिन्ही वेळा हेच वाक्य. यातला बुरशीचा स्ट्रेन, म्हणजे उपप्रकार, कोणता, हे कुणालाच सांगता आलं नाही. पाकिटावर ठळक अक्षरांत ‘माणसांना व प्राण्यांना पूर्णपणे सुरक्षित’ असं छापलंय. डोळ्यांबद्दल अवाक्षर नाही.

त्याच रागात एक स्टार द्यायला बसले होते. आधी नीट वाचून घेऊ म्हटलं, आणि मत बदललं.

ही बुरशी काही काल प्रयोगशाळेत जन्मलेली नाही. रेशमाच्या किड्यांना मारणारा पांढरा रोग एका सूक्ष्म जीवामुळे होतो, हे इटलीच्या अगोस्तिनो बास्सी यांनी 1835 मध्ये दाखवलं. तो जीव म्हणजेच ही बुरशी; ‘ब्युव्हेरिया बॅसियाना’ या हिच्या पूर्ण नावातलं बॅसियाना त्यांच्यावरूनच पडलं. (घरात रेशीमकिडे पाळणाऱ्यांनी अर्थातच हिच्या वाटेला जाऊ नये.) बीजाणू किड्याच्या अंगाला चिकटतो, रुजतो, विकरांनी कवच मऊ करून आत शिरतो. किड्याने काही खाल्लंच पाहिजे असं नाही.

मग आपल्यात का वाढत नाही? मुख्य कारण ऊब. ब्युव्हेरियाला 25 ते 28 अंश मानवतात. पस्तिशीच्या आसपास बहुतेक स्ट्रेन मंदावतात आणि 37 अंशांवर जवळजवळ थांबतात. शिवाय आपली प्रतिकारशक्ती आहेच. माझी मांजर फवारलेल्या कुंड्यांना अंग घासत फिरते, म्हणून सुरुवातीला मी धास्तावले होते. पण मांजराचं अंग आपल्यापेक्षाही गरम, पक्ष्यांचं तर त्याहून. उंदरांना तोंडावाटे देऊन केलेल्या चाचण्यांतही रोग दिसला नाही.

आणि इथेच डोळ्याचा खुलासा झाला. कॉर्निया शरीराच्या आतल्या भागापेक्षा दोन-तीन अंशांनी थंड असतो आणि त्यात रक्तवाहिन्या नसतात. म्हणजे ज्या उबेच्या भरवशावर ही पावडर सुरक्षित म्हणायची, ती उबच तिथे कमी पडते. थंड रक्ताच्या प्राण्यांचंही तेच. बंदिस्त जागेत ठेवलेल्या कासवांच्या आणि अ‍ॅलिगेटरांच्या फुफ्फुसांत ब्युव्हेरियाचा संसर्ग सापडलेला आहे. ज्यांच्या घरी कासव आहे त्यांनी त्याच्याजवळ फवारू नये, असं मला कळकळीने वाटतं. रक्ताचा कर्करोग किंवा दुसऱ्या कारणाने प्रतिकारशक्ती खूप खालावलेल्या माणसांतही क्वचित संसर्ग झालेले आहेत. अशा माणसाने हे काम दुसऱ्याकडे द्यावं. बीजाणू जेमतेम दोन-तीन मायक्रॉनचे, श्वासातून खोल जाणारे. दम्याचा किंवा अ‍ॅलर्जीचा त्रास असेल तर मास्क हवाच.

‘किडे मारणारी बुरशी म्हणजे निर्धोक’ असं सरसकटही म्हणता येत नाही. कोनिडिओबोलस कोरोनाटस हीदेखील किडे मारते, पण माणसाच्या आणि घोड्याच्या नाकात संसर्ग करते. म्हणून तर स्ट्रेन विचारत होते मी! तो कळला तरच त्याच्या चाचण्या शोधता येतात.

कामाबद्दल थोडक्यात: पांढरी माशी तीन फवारण्यांत आटोक्यात आली, पिठ्या ढेकणावर निकाल अर्धामुर्धा. आठवडाभर धीर धरावा लागतो. फवारणी संध्याकाळीच, कारण उन्हातल्या अतिनील किरणांनी बीजाणू मरतात. बुरशीनाशकासोबत मिसळलं तर पैसे पाण्यात.

दुसरं पाकीट ओल लागून आत हिरवं-काळं झालं होतं. ते न वापरता टाकलं, आणि त्या वेळी मात्र काटकसर आठवली नाही. तो रंग ब्युव्हेरियाचा नव्हे. अ‍ॅस्परजिलससारख्या परक्या बुरशीचा असू शकतो, आणि ती 37 अंशांवर आरामात वाढते.

सध्या पाकीट पाण्याच्या बादलीत बुडवून आतच कापते. धुरळा अजिबात उडत नाही. फवारणीच्या दिवशी लेन्स नाही, चष्मा, त्यावर गॉगल, तोंडाला मास्क. सहावं पाकीट याच कंपनीचं आणलंय, कारण माल चांगला आहे. तीन स्टार देते. स्ट्रेनचं नाव आणि ‘डोळ्यांत जाऊ देऊ नका’ एवढी एक ओळ पाकिटावर छापून आली की त्याच दिवशी चौथा देईन.