लाँगबो : एकाच लाकडाचे की थरांचे?

सोलापुरातील एका स्नेह्यांना पहिले पारंपरिक लाँगबो, म्हणजे साधारण माणसाच्या उंचीचे लांब धनुष्य, घ्यायचे आहे. ते यू या सूचिपर्णी वृक्षाच्या एकाच लाकडातून कोरलेले असावे की पाठीवर (धनुर्धराच्या विरुद्ध बाजूला) बांबू चिकटवून थरांनी बांधलेले, यावर त्यांचा निर्णय अडला आहे.

यूची खुबी अशी की सालीलगतचा फिकट थर ताण सोसतो आणि आतला तांबूस गाभा दाब. १५४५ मध्ये बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या इंग्रजी जहाजातून वर काढलेली शंभराहून अधिक धनुष्ये प्रामुख्याने याच लाकडाची आहेत. गाठीभोवती मुद्दाम राखलेला उंचवटा पाहिला, की कारागिराने लाकडाच्या तंतूंची रेघ किती जपली ते कळते, आणि संग्राहकाला तेवढेच पुरते. मात्र कमी गाठींचे सरळ यू दुर्मिळ असल्याने किंमत चढीच राहते; शिवाय सोलापूरच्या चाळीस अंशांपलीकडील कोरड्या उन्हाळ्यात लाकूड जादा सुकून तडकण्याची भीती असते.

थरांचे धनुष्य तुलनेने स्वस्त पडते आणि बांबूच्या चिवट तंतूंमुळे रोजचा ताण चांगला पेलते. उन्हात उभ्या मोटारीत ते विसरल्यास थरांचा चिकटवलेला सांधा मात्र सुटू शकतो.

वापरानंतर दोरी उतरवणे दोन्हींना सक्तीचे आहे.

नियमित सराव करणाऱ्याने थरांचे धनुष्य घ्यावे. निगा राखण्याची सवड आणि लाकडाची ओढ असलेल्या संग्राहकाने यूसाठी थांबावे.