गूगलचा ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’: आपले फोटो मुलांच्या हाती खरोखर पोहोचतात का?

माझ्या धाकट्या दिरांचे निधन झाले तेव्हा त्यांच्या मोबाइलचा पॅटर्न घरात कुणालाच ठाऊक नव्हता. सासूबाईंच्या अखेरच्या वर्षातले कितीतरी फोटो त्या मोबाइलमध्ये होते आणि तो आजही कपाटात बंद पडून आहे. हे दुःख माझ्या मुलांच्या वाट्याला येऊ नये, म्हणून माझ्या साडेनऊ हजार फोटोंची व्यवस्था लावताना मी, खाते बराच काळ वापरले गेले नाही तर त्यातले फोटो, ईमेल वगैरे आपण नेमलेल्या माणसांच्या हाती देणारी गूगलची ही सोय प्रत्यक्ष वापरून पाहिली.

ही सोय २०१३ पासून उपलब्ध आहे, तिला वेगळे पैसे पडत नाहीत, आणि तरीही माझ्या परिचयातल्या फार थोड्या लोकांना ती माहीत आहे. गूगल खात्याच्या ‘डेटा आणि गोपनीयता’ या विभागात जाऊन आपण किती काळ खाते वापरले नाही म्हणजे ते निष्क्रिय समजावे, हे ठरवायचे. ही मुदत कमीत कमी ३ महिन्यांची असते. त्यानंतर जास्तीत जास्त १० विश्वासू व्यक्तींची नावे, ईमेल आणि मोबाइल क्रमांक नोंदवायचे, प्रत्येकाला काय काय मिळावे ते निवडायचे, आणि हवे तर प्रत्येकासाठी दोन शब्द लिहून ठेवायचे. मी मुलीला फक्त फोटो दिले, ईमेल दिले नाहीत. एवढा बारकाईने निर्णय घेता येतो, ही मला या सोयीची सर्वांत मोठी जमेची बाजू वाटते, कारण आईचे फोटो मुलांचे असले तरी आईची पत्रे मुलांची असतीलच असे नाही.

केवळ नोंद करून माझे समाधान झाले नाही. एका जुन्या, दुय्यम खात्यात मी स्कॅन केलेल्या अल्बममधले चारशे फोटो ठेवले आणि ३ महिने त्या खात्याकडे फिरकले नाही. मुदत संपण्यापूर्वी मला एसएमएस आणि ईमेलने सूचना आल्या, त्यांना मी मुद्दाम उत्तर दिले नाही, आणि पुढे ठरल्याप्रमाणे मुलीला माझे पत्र पोहोचले. तिच्या मोबाइलवर आलेला कोड टाकून तिने झिप फाइल (सगळे फोटो एकत्र बांधलेले गाठोडे) उतरवून घेतली, आणि चारशेच्या चारशे फोटो तिच्या संगणकावर उघडले. हस्तांतराची ही यंत्रणा चोख आहे, असे मी खात्रीने सांगू शकते.

काही गोष्टींची काळजी मात्र आपणच घ्यायला हवी. आपल्याकडे माणूस गेल्यावर त्याचा मोबाइल बँकेच्या ओटीपीसाठी आणि नातेवाइकांच्या फोनसाठी कित्येक महिने चालू ठेवतात. पण खाते वापरात आहे की नाही हे ठरवताना गूगल अँड्रॉइड फोनच्या हालचालीही पाहते, त्यामुळे फोन चालू असेपर्यंत मुदत सुरूच न होण्याचा संभव असतो. सिम चालू ठेवायचे असल्यास ते दुसऱ्या फोनमध्ये घालावे, हे मी घरात सांगून ठेवले आहे. ज्याचे नाव नोंदवले त्याचा मोबाइल क्रमांक बदलला, तर ओळख पटवण्याचा मार्गच बंद होतो. म्हणून दर दिवाळीला मी ही नोंद तपासते. शिवाय २ वर्षे न वापरलेले खाते पुसून टाकण्याचा अधिकार गूगलने स्वतःकडे ठेवला आहे आणि १५ जीबीच्या पुढची जागा पैसे भरेपर्यंतच आपली असते, तेव्हा हे खाते म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या टिकणारे कपाट नव्हे. मी एक प्रत घरातल्या हार्ड डिस्कवर आणि एक मुलीकडे पुण्याला ठेवली आहे.

आयफोन वापरणाऱ्यांसाठी ॲपलने डिसेंबर २०२१ मध्ये ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ आणले. तिथे वारसाला आपण दिलेली किल्ली, म्हणजे एक सांकेतिक कोड, आणि मृत्यूचा दाखला, दोन्ही सादर करावे लागतात.

सर्वांत महत्त्वाची उणीव मला मुलीच्या फोनमुळे कळली. झिप उघडल्यावर तिने विचारले, “आई, कुरडयांच्या फोटोतल्या या बायका कोण?” तो आमच्या सांगलीच्या घराच्या गच्चीवरचा फोटो आहे: खाटेवर पांढरे धोतर अंथरलेले, एकीच्या हातात सोऱ्या, दुसरी चिकाचे पातेले धरून उभी, आणि एक पाठमोरी. मी गूगल फोटोजमध्ये त्याखाली माहिती लिहिली होती आणि तारीखही दुरुस्त केली होती. परंतु डाउनलोड करताना ही भर फोटोच्या आत न उतरता शेजारच्या ‘जेसन’ नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये जाते, जी सामान्य माणूस कधी उघडून पाहत नाही. परिणामी फोटो मुलीपर्यंत पोहोचला, पण त्यातली माणसे पोहोचली नाहीत. आणि फाइलवर १९७८ ऐवजी स्कॅन केल्याचे वर्ष राहिले.

म्हणून आता मी ‘डिजिकॅम’ या मोफत प्रणालीत मराठीतून मथळे लिहिते. तिच्या सेटिंगमध्ये मेटाडेटा, म्हणजे फोटोविषयीची माहिती, फाइलमध्ये लिहिण्याचा पर्याय चालू ठेवला की नावे, गाव आणि वर्ष फोटोच्या फाइलमध्येच नोंदले जातात आणि प्रत कुठेही गेली तरी सोबत जातात. रोज रात्री जेवणानंतर वीस-पंचवीस फोटो होतात. नणंदबाई ऐंशीच्या पुढे आहेत आणि जुने चेहरे ओळखणाऱ्या आता त्या एकट्याच उरल्या आहेत, त्यामुळे दर रविवारी मी लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे बसते. ज्यांच्या घरात असे माणूस आहे त्यांनी खात्याची नोंद थोडी उशिरा केली तरी चालेल. आधी त्या माणसाजवळ बसावे.

गच्चीवरच्या फोटोचा मथळा मी सर्वांत आधी लिहिला: “सांगली, उन्हाळा १९७८. सोऱ्या धरलेल्या नणंदबाई, पातेले घेऊन शेजारच्या काकू. पाठमोरी आहे ती माझी आई, चार दिवस राहायला आली होती.”