सहा वर्षं, ९४,००० किलोमीटर आणि एक वही

मागच्या रविवारी राऊच्या पुढे पोह्यांसाठी थांबलो होतो. शेजारी नवीकोरी मोटरसायकल लावून उभ्या असलेल्या एका पोरानं वाकून माझं मीटर वाचलं. ९४,०१२. मग माझ्याकडे बघत म्हणाला, "काका, इंजन खुला क्या एक बार?" नाही उघडलं. हा प्रश्न दर महिन्याला कुणी ना कुणी विचारतंच, म्हणून एकदाचं सविस्तर लिहून टाकतो.

गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव आलं की लोक गाडी सोडून कंपनीवरून भांडत बसतात. एवढं पुरे: एक सिलिंडर, चारशे सीसीच्या आतबाहेर, फ्युएल इंजेक्शन, लिक्विड कूलिंग, एबीएस, दोन्ही टायर ट्यूबलेस. २०१९ च्या दसऱ्याला घेतली, म्हणजे बीएस-४ (धुराचा जुना नियम) च्या अखेरच्या दिवसांतली. इंदुरात फिरायला घरी स्कूटर आहे. राजवाड्याच्या गर्दीत ही गाडी नेणं म्हणजे बैल घेऊन देवघरात शिरणं. ही चालते ती बाहेरच. कामासाठी निमाडात, खरगोन-बडवानीकडे महिन्यातून दोनतीन फेऱ्या. सासर पुण्याला, बहीण बडोद्याला. वर्षाला साधारण पंधरा हजार किलोमीटर अशीच पडतात. त्यातली बहुतेक हायवेची, हे ध्यानात ठेवूनच पुढचं वाचा. क्लचवर जगणाऱ्या शहरी गाडीचे ९४,००० आणि हे ९४,००० यांत फरक आहे.

इंजिनाचं आधी उरकून घेतो, कारण त्यात सांगण्यासारखं फार नाही. ऑइल पुस्तकात लिहिलंय त्याच्या बऱ्याच आधी, सहा हजारांना बदलतो. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) दोनदा तपासले, एकदा एक्झॉस्टचा थोडा घट्ट निघाला. क्लच प्लेट ६१,००० ला बदलल्या. आता दोन ऑइल बदलांच्या मध्ये दीडदोनशे मिली ऑइल वर टाकावं लागतं. एवढंच.

म्हातारं झालं ते इंजिनाभोवतीचं सगळं. रबर, बेअरिंग, वायरी, कपलर, बोल्ट. आणि यातलं काहीच अचानक गेलं नाही. प्रत्येकानं आधी कुरकुर केली होती. ती मला कधी ऐकू आली, कधी आली नाही, आणि कधी ऐकूनही मी "बघू पुढच्या सर्व्हिसिंगला" म्हटलं. खर्च झाला तो या तिसऱ्या प्रकारात.

उदाहरणार्थ कोन सेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग. ४२,००० च्या सुमारास खंडवा रस्त्यावर भेरूघाटाच्या वळणांत गाडी विचित्र वागायला लागली. वळणात शिरताना पुढचं चाक क्षणभर नको म्हणायचं आणि मग एकदम पडल्यासारखं आत जायचं. सरळ रस्त्यावर हँडल मध्यभागी आपलं आपण रुतून बसायचं. मी टायरला दोष दिला, हवा कमीजास्त करून पाहिली, महिना घालवला. शेवटी उस्तादनं (आमचा गल्लीतला मेकॅनिक, खरं नाव त्याच्या पाटीवरही नाही) इंजिनाखाली जॅक लावून पुढचं चाक उचललं आणि मला म्हणाला, "भिया, दो उँगली से घुमाओ." दोन बोटांनी हँडल डावीकडून उजवीकडे नेलं. गुळगुळीत, गुळगुळीत आणि बरोबर मध्यावर एक खळगा. अगदी रेडिओचं बटण स्टेशनवर अडकावं तसा. खड्ड्यांचे सगळे दणके हँडल सरळ असतानाच बसतात, म्हणून गोळ्या वाटीत तिथेच घर करतात. कोन सेट काढला तेव्हा वाटीवर गोळ्यांचे ठसे ओळीनं मोजता येत होते. तेव्हा गोळ्यांचाच बसवला, तो ७९,००० ला पुन्हा गेला. आता टेपर रोलरचा, म्हणजे गोळ्यांऐवजी निमुळत्या रुळांचा बसवलाय. ही दोन बोटांची चाचणी घरी करायला पाच मिनिटं लागतात. जुनी गाडी विकत घेताना मीटरच्या आधी हे बघा.

आता सेंधव्याची गोष्ट, कारण गाडीच्या नोंदी ठेवतो त्या माझ्या वहीत तिला पूर्ण पान आहे.

२०२३ चा नोव्हेंबर, पुण्याहून परत येत होतो. शिरपूरला चहा पिऊन निघालो तेव्हा स्टार्टर जरा आळसल्यासारखा फिरला. लक्ष दिलं नाही. पळासनेर सोडलं, अंधार पडला, बिजासन घाट चढताना हेडलाइटचा पांढरा उजेड हळूहळू पिवळा होत गेला. मग एबीएसचा दिवा लागला. घाट चढून सेंधव्याच्या अलीकडे गाडी अडखळायला लागली. इंजेक्शनच्या गाडीत बॅटरी मेली की पेट्रोलचा पंप मरतो, मग धक्का मारूनही उपयोग नसतो. एका ढाब्यापर्यंत कशीबशी आली. पिशवीतला मल्टिमीटर लावला: इंजिन फिरवत ठेवूनही बॅटरीवर ११.४ व्होल्ट. तिथे चौदाच्या आसपास हवे होते. म्हणजे चार्जिंगच नाही.

सीट काढली तर रेग्युलेटर-रेक्टिफायरचा (इंजिनाच्या विजेनं बॅटरी चार्ज करणारा डबा) कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग, तपकिरी होऊन वितळला होता, तीन पिवळ्या वायरींपैकी एक नुसती टेकून उभी. आणि तेव्हा आठवलं, त्याआधी आठदहा दिवस सीटखालून जळक्या प्लॅस्टिकचा बारीक वास येत होता. मी तो पुढच्या ट्रकच्या ब्रेकचा समजत होतो!

ढाब्याशेजारी ट्रकचं वायरिंग करणारा एक मुलगा होता. त्यानं बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावली, मी खाटेवर झोपलो. सकाळी हेडलाइटचा फ्यूज काढून टाकला (या गाड्यांत दिवा बंद करायचं बटणच नसतं), इंडिकेटर नाही, हॉर्न नाही, आणि फक्त बॅटरीवर निघालो. साठसत्तर किलोमीटरवर खलघाट. तिथे पुन्हा दीड तास चार्जिंग, समोर नर्मदा, हातात कचोरी. मग मानपूरचा घाट चढून दुपारी घरी. नवा रेक्टिफायर साडेतीन हजारांना पडला. कपलर कापून टाकून वायरी थेट झाळल्या आणि वर रबरी नळी चढवली, ते काम ऐंशी रुपयांत झालं. खरं तर ऐंशी रुपयांचं काम आधी केलं असतं तर साडेतीन हजार वाचले असते.

तेव्हापासून हँडलवर एक छोटा व्होल्टमीटर आहे, तीनशे रुपयांचा. फॉग लाइट, फोन होल्डर, टँक बॅग अशा सगळ्या हौशी मी केल्या, पण सगळ्यांत कामाची वस्तू हीच. चालत्या गाडीवर आकडा १३.५ च्या खाली रेंगाळला की मी पुढच्या गावात थांबतो.

चेनचं थोडक्यात. चौथं चेन-स्प्रॉकेट चालू आहे. पहिलं १९,००० ला गेलं, कारण पावसाळ्यात माळव्याची काळी माती आणि तेल यांचं जे लोणचं होतं ते मी पुसतच नव्हतो, वरून आणखी तेल घालत होतो. आता दर पाचशे किलोमीटरला आधी रॉकेलनं पुसणं आणि मग ल्यूब, तेही रात्री, गाडी गरम असताना, म्हणजे सकाळपर्यंत मुरतं. तिसरं २८,००० चाललं. गाडी तीच, चेनही त्याच प्रकारची.

पुढच्या शॉकअपचं ऑइल सील दोनदा गळलं. दुसऱ्या वेळी सील फाटलंच नव्हतं, नुसता चिखल अडकला होता. एक्सरेच्या जुन्या फिल्मची पट्टी कापून सीलच्या आत फिरवली, कचरा बाहेर आला, गळती बंद. पहिल्या वेळी ही युक्ती ठाऊक नव्हती, त्यामुळे नवं सील, नवं ऑइल आणि दोन हजारांच्या वर मजुरी.

थरथर हा एका सिलिंडरचा स्वभाव आहे, तक्रार करून उपयोग नाही. शंभरच्या पुढे आरसे धूसर होतात आणि दोन तासांनी उजव्या हाताची करंगळी झोपी जाते. पण थरथरीनं बोल्ट सैल होतात हे मात्र मनावर घ्या. ३८,००० ला नंबर प्लेटचा ब्रॅकेट तडकून प्लेट दाहोदजवळ लोंबकळायला लागली, ती बुटाच्या नाडीनं बांधून बडोदा गाठलं. भाऊजींनी त्याचा फोटो अजून जपून ठेवलाय. तेव्हापासून दर पुणे-फेरीच्या आदल्या संध्याकाळी मी पाने घेऊन बसतो आणि क्रॅश गार्ड, सायलेन्सर, कॅरियर, फूटरेस्ट सगळीकडे एकेक चक्कर मारतो. आई म्हणते, इतकी सेवा माझी करत जा.

अधिकृत सर्व्हिस सेंटरबद्दल. शहरातल्या एका ठिकाणी वॉरंटी संपेपर्यंत नियमानं गेलो. तिसऱ्या सर्व्हिसिंगच्या आधी संशय आला म्हणून एअर फिल्टरच्या काठावर बायकोच्या नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवला. गाडी परत आली, बिलात नवा फिल्टर. घरी उघडून पाहिलं, लाल ठिपका जिथल्या तिथे. मॅनेजरला दाखवल्यावर पैसे परत मिळाले, चहाही मिळाला. पुढच्या खेपेला त्याच ठिकाणी ऑइलच्या ड्रेन बोल्टचे आटे घालवून दिले. त्यानंतर मी उस्तादकडे गेलो तो गेलोच. सुटे भाग मी आणतो, तो बसवतो, जुना भाग माझ्या हातात ठेवतो. टॉर्क रेंच (बोल्ट मोजून घट्ट करायचा पाना) माझा आहे. पहिल्यांदा तो हसला होता, आता इतर गिऱ्हाइकांच्या गाड्यांसाठी मागून नेतो.

पेट्रोलचं गणित बदललंय. सुरुवातीला हायवेवर लिटरला ३२ किलोमीटर मिळायचे, आता २९-३०. यात गाडीचं वय किती आणि पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल किती हे वेगळं काढता येत नाही, पण इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी असते, तेव्हा वीस टक्के मिसळल्यावर थोडं कमी होणारच. माझी गाडी वीस टक्क्यांच्या आधीच्या काळातली, म्हणून ८०,००० ला इंधनाची रबरी नळी काढून पाहिली. बोटानं दाबल्यावर कडक लागली, वाकवल्यावर बारीक भेगा दिसल्या. बदलून टाकली. दोष इथेनॉलचा की सहा उन्हाळ्यांचा, ते देवाला माहीत. बडोद्याहून येताना मात्र दाहोदला टाकी काठोकाठ भरायची हा आमचा जुना नियम. गुजरातचं पेट्रोल आपल्यापेक्षा लिटरमागे दहा रुपयांहून जास्त स्वस्त पडतं.

मागच्या सीटबद्दल मी बोलण्यात अर्थ नाही, म्हणून हिला विचारलं. हिचं म्हणणं असं: पहिली शंभर किलोमीटर छान, पुढची पन्नास सहन होतात, त्यानंतर तू काय बोलतोस ते मला ऐकू येत नाही आणि ऐकायचंही नसतं. सीटवाल्याकडून आतला फोम बदलून घेतला, पाठीमागे टेकायला पेटी लावली. आता पुणे एका दिवसात होतं, मात्र येवल्याच्या पुढे अहिल्यानगरपर्यंत रस्ता जिथे वाईट आहे तिथे अजूनही खांद्यावर चिमटे बसतात.

विकायचा विचार दोनदा आला. २०२४ च्या दसऱ्याला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा संपला, तेव्हा पहिल्यांदा. ३५० सीसीच्या वरच्या गाडीला वर्षाला २,८०४ रुपये आणि वर कर. तो भरला. दुसऱ्यांदा गेल्या वर्षी शोरूममध्ये जाऊन बसलो, तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० च्या वर ४० टक्के जीएसटी. ३५० च्या खालच्या गाड्यांना १८. सेल्समन मला खालच्या गाडीवर बसवत होता आणि मी काचेतून बाहेर माझ्या गाडीकडे बघत होतो. जुन्या गाडीला त्यांनी जो भाव सांगितला त्यात माझे दोन टायर आणि विमा आला असता. वहीत बेरीज केली: टायर, चेन, बेअरिंग, रेक्टिफायर, क्लच धरून, पेट्रोल सोडून, सहा वर्षांत किलोमीटरला दीड रुपयाच्या आसपास. गाडी घेऊन घरी आलो.

सध्या मागच्या चाकातून पन्नासच्या वेगाला एक बारीक घूं येतंय. क्लच दाबला तरी येतं, म्हणजे इंजिन नाही. बेअरिंग असेल, नाहीतर हायवेनं टायर मधोमध चपटा झालाय. पुण्याला निघायच्या आधी शनिवारी चाक उतरवून बेअरिंगमध्ये बोट घालून फिरवून बघणार. उस्तादला सांगून ठेवलंय.