आधी विचारपूस, मग पेचकस : सोलापूरच्या नवी पेठेतील एका संगणक दुरुस्तीच्या दुकानाविषयी

टॉवेलच्या घाऊक व्यापाराच्या आमच्या छोट्या कार्यालयात हिशेबाचा एकच संगणक आहे. गेल्या महिन्याच्या 8 तारखेला सकाळी त्याने विंडोज उघडण्याऐवजी, बूट डिव्हाइस (सुरू होण्यासाठी लागणारी डिस्क) सापडत नसल्याची ओळ काळ्या पडद्यावर दाखवली. आतून टकटक आवाज येत होता. जीएसटीआर-1, म्हणजे विक्रीचे जीएसटी विवरणपत्र, भरण्याची मुदत 11 तारखेची असल्याने जवळच्या दुकानात धाव घेतली, तर तिथे झाकण उघडण्याआधीच ‘फॉरमॅट मारून देतो, संध्याकाळी न्या’ असे उत्तर मिळाले. फॉरमॅट म्हणजे डिस्कवरचे सारे पुसणे, म्हणून संगणक तसाच उचलून नवी पेठेतील एका पहिल्या मजल्यावरच्या दुकानात नेला. हा अभिप्राय त्या दुसऱ्या दुकानाचा आहे.

‘काका, डिस्क आवाज करलालीय, आता परत चालू करू नका,’ हे तिथल्या तरुण कारागिराचे पहिले वाक्य. बॅकअप आहे का, कधीचा आहे आणि कशाने घेतला आहे, हे त्याने पेचकस हातात घेण्याआधी विचारले. विंडोजमधील सोयीनेच घेतलेली, तीन महिन्यांपूर्वीची सिस्टिम इमेज, म्हणजे विंडोजसकट सगळ्याची एकत्र प्रत, माझ्याकडे बाहेरच्या डिस्कवर होती. जुनी हार्ड डिस्क 500 जीबीची, त्यातली जेमतेम 90 जीबी भरलेली. म्हणून स्वस्तातली 480 जीबीची एसएसडी (फिरते भाग नसलेली नवी डिस्क) पुरेल असा माझा हिशेब होता. मात्र ही इमेज मूळ डिस्कएवढ्या किंवा तिच्याहून मोठ्या डिस्कवरच उतरते, आत माल किती आहे याला महत्त्व नसते, असे त्याने सांगितले. महाग वस्तू गळ्यात मारली जात आहे अशी शंका मला आली, आणि ती त्याने दुकानातली 480 जीबीची डिस्क प्रत्यक्ष लावून, विंडोजने दिलेला नकार पडद्यावर दाखवूनच फेडली. मग 512 जीबीची घेतली.

तीन महिन्यांच्या नोंदी मात्र त्या इमेजमध्ये नव्हत्या. त्यासाठी त्याने मरू घातलेली डिस्क लिनक्स या विंडोजऐवजी चालणाऱ्या प्रणालीच्या पेन ड्राइव्हवरून सुरू केलेल्या यंत्राला जोडून ‘डीडीरेस्क्यू’ लावले. हा प्रोग्राम आधी सुस्थितीतला भाग उतरवून घेतो आणि खराब सेक्टरांकडे (डिस्कच्या न वाचता येणाऱ्या तुकड्यांकडे) शेवटी वळतो. कुठवर पोहोचलो याची नोंद फाइलमध्ये ठेवत असल्याने मध्येच थांबवून पुन्हा तिथूनच सुरू करता येतो. रात्रभरात थोडासा भाग सोडून सारे उतरले. राहिलेला भाग नेमका विंडोजच्या फाइलींमधला निघाल्याने त्या प्रतीवरून संगणक सुरू होईना, म्हणून विंडोज प्रणाली इमेजमधून आणि हिशेब या प्रतीतून, अशी वाटणी झाली.

आमचा संगणक जुन्या बायोस पद्धतीने (विंडोजच्या आधी यंत्र जागे करणाऱ्या जुन्या व्यवस्थेने) सुरू होणारा असल्यामुळे रिकव्हरीचा पेन ड्राइव्हही त्याच पद्धतीने सुरू करावा लागतो, नाहीतर विंडोज इमेज घेत नाही, हेही त्याला ठाऊक होते. मदरबोर्ड (मुख्य पाटी) तोच राहिल्याने विंडोजचा परवाना पुन्हा विकत घ्यावा लागला नाही. टॅली या हिशेबाच्या प्रोग्रामचे पाच आकडी नावाचे फोल्डर त्याने नव्या डिस्कवर ठेवले, रिपेअर चालवले आणि मला समोर बसवून 7 तारखेच्या छापील डे बुकशी (रोजच्या नोंदींच्या यादीशी) एकेक रक्कम ताडून पाहायला लावली. सगळ्या जुळल्या. 10 तारखेला दुपारी संगणक घरी आला. पंख्यावर साठलेली सुताची धूळ ब्लोअरने काढून दिली, तिचे पैसे घेतले नाहीत; सोलापुरात टॉवेल विकायचे म्हटल्यावर संगणकाच्या पोटातही थोडे सूत साठणारच.

उणिवाही आहेत. जिना अरुंद आणि उभा आहे, फोन तिसऱ्या-चौथ्या वेळी उचलला जातो, आणि पक्की पावती मागितल्याशिवाय मिळत नाही. मजुरीचे 1,500 रुपये घेतले, ते मला रास्त वाटले. विंडोज 10 ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार (सपोर्ट) 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला असून आमच्या प्रोसेसरवर विंडोज 11 अधिकृतपणे चालत नाही, हे त्याने एकदाच सांगितले, नव्या संगणकासाठी मागे लागला नाही.

जुनी डिस्क त्याने न मागता वर्तमानपत्रात गुंडाळून, वर तारीख लिहून परत दिली. तिच्यात आमच्या सगळ्या व्यापाऱ्यांचे पॅन आणि बँक खात्यांचे क्रमांक आहेत, त्यामुळे ती आता कपाटात कुलूपबंद आहे.