साठीनंतर घेतलेले विजेचे चाक: मोटार नव्हे, पेडल पाहून घ्या

कुंभारकामासाठी पावसाळ्याच्या तोंडावर घेतलेले विजेचे चाक ऐन श्रावणात बिघडले आणि कंपनीशी वाद झाला, म्हणून हा अनुभव लिहीत आहे. मोटार किती वॅटची, थाळी किती इंचांची, हा तपशील सगळीकडे मिळतो. मला सांगायचे आहे ते चाकाचा वेग कमीजास्त करणाऱ्या, पायाखालच्या पेडलविषयी, कारण उतारवयात कुंभारकाम शिकणाऱ्याचे निम्मे यश त्यावर अवलंबून असते.

मातीचा गोळा मनगटाच्या जोरावर मधोमध आणू गेले, तर संध्याकाळी अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागतो. म्हणून माती सैल मळायची, कोपर मांडीला टेकवायचे आणि अंगाचा भार हळूहळू द्यायचा, असे आमच्या शिकवणाऱ्या बाई सांगतात. परंतु सैल मातीची भिंत वर ओढताना चाक मंद आणि एकसारखे फिरावे लागते. एक हिसका बसला तरी काठ डगमगतो आणि भांडे एका अंगाला कलते. माझे चाक मंद वेगात सुरुवातीपासून हिसके देत होते. मोटारच कमी ताकदीची आहे, असे तेव्हा माझे ठाम मत होते.

श्रावणात पेडल पूर्ण मागे घेतले तरी चाक फिरतच राहू लागले. आत पाणी गेल्यामुळे वॉरंटी लागू नाही, संपूर्ण पेडल स्वखर्चाने कुरिअर करा आणि नव्याचे पैसे भरा, असे कंपनीने कळवले. चाकावरचे काम म्हणजे पाणी आणि चिखल. ते पेडलवर पडणार, हे बनवणाऱ्यांनी धरूनच चालायला हवे. त्यातून शिंतोडे अडवणारे तसराळे दोन तुकड्यांचे, त्याचा सांधा नेमका पेडलच्या वर येतो आणि वायर इतकी आखूड, की पेडल बाजूला सरकवता येत नाही.

मी पैसे भरले नाहीत. पेडल कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका कारागिराकडे नेले. त्यांनी खालची पत्री काढली, तेव्हा वेग बदलणाऱ्या पोटेन्शिओमीटरच्या कार्बनपट्टीवर वाळलेल्या मातीचा करडा थर दिसला. तेवढ्याच किलोओहमचा नवा भाग दोन प्लेट मिसळीच्या पैशांत बसला, आणि फटीवर त्यांनी सायकलच्या ट्यूबचा तुकडा ताणून लावला. त्या दिवसापासून चाक इतके मंद आणि संथ चालते, की मोटारीविषयीचे माझे मत पूर्ण बदलले. दीड किलोचा गोळा दाबला तरी ती अडत नाही.

कोल्हापूरच्या दमट हवेत भांडी सावकाश सुकतात, त्यामुळे बुडाची तासणी करायला पुरेसा अवधी मिळतो, आणि तासणीतही मंद वेगच हवा. चाक इथे जुनेच आहे: कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरी टेकडीवरच्या 1945-46 च्या उत्खननात सातवाहनकाळातील चाकावरची भांडी मिळाली. पारंपरिक चाकाला पेडल नसते. जड चाकाला एकदा गती दिली, की त्याच्या वजनामुळेच ती एकसारखी ओसरत जाते. त्या ओसरत्या गतीची बरोबरी करणे हेच विजेच्या चाकाच्या पेडलचे काम आहे.

चाकाला पाचपैकी चार गुण, सेवेला एक. विकत घेण्याआधी दुकानातच थाळीवर मातीचा गोळा ठेवायला लावा, पेडल अगदी थोडे दाबून सर्वांत मंद वेगात चाक फिरवा आणि गोळ्यावर बोट टेकवून पाहा. हिसका बोटाला लगेच कळतो. वायर किती लांब आहे, तेही मोजा. सांध्याबद्दलची माझी लेखी तक्रार कंपनीने नोंदवून घेतली आहे, उत्तर अद्याप आलेले नाही.