रीगाला निघण्याआधी घेतलेलं ‘ए-टू’ सर्टिफिकेट

लात्वियाची राजधानी रीगा, तिथे इंजिनीअरिंगला ॲडमिशन झाली, तेव्हा व्हिसाची फाईल चाळता चाळता एजंट म्हणाला, "लात्वियन भाषेचं ए-टू सर्टिफिकेट लागेल हं, तिथे सक्तीचं आहे." ए-टू म्हणजे युरोपात भाषा मोजायच्या सहा पायऱ्यांपैकी दुसरी. नाशिकला घरी बसून ऑनलाइन क्लास, दोन महिने, फी १८,००० रुपये. क्यूआर कोड स्कॅन केला तर संस्थेचं नाही, कुणा बाईंचं नाव आलं. "अकाउंट्सच्या मॅडम आहेत," हे उत्तर आम्ही निमूट गिळलं आणि बाबांनी पैसे भरले.

दोन क्लास लाइव्ह झाले, सरांचा कॅमेरा बंद. पुढे नुसती रेकॉर्डिंग आणि पीडीएफ. लात्वियनमध्ये दीर्घ स्वरावर आडवी रेघ देतात, ती सर चॅटमध्ये कधी टाइपच करायचे नाहीत. विचारलं तर म्हणाले, "त्याने काही बिघडत नाही." अहो, बिघडतं! ‘काझस’ म्हणजे लग्न आणि ‘कझस’ म्हणजे बकऱ्या, फरक तेवढ्या रेघेचा. ऱ्हस्व-दीर्घासाठी शाळेत छड्या खाल्लेल्या मुलीला हे तेव्हाच खटकायला हवं होतं. शेवटी सोनेरी किनारीचं सर्टिफिकेट मेलवर आलं. आईने ते लॅमिनेट करून दिलं.

रीगात युनिव्हर्सिटीच्या ऑफिसात मी ते टेबलावर ठेवलं. तिथल्या बाईंनी उलटून पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "हे कोणी दिलं?"

भाषा सक्तीची आहे हे खरं, पण ती आमच्या अभ्यासक्रमातच आहे. सहा महिन्यांहून जास्त काळ शिकायला आलेल्या परदेशी विद्यार्थ्यांना युनिव्हर्सिटीनेच ती शिकवायची, असा तिथला कायदा. ए-टू लागतं ते कायमच्या वास्तव्याच्या परवान्यासाठी, आणि त्याची परीक्षा सरकार घेतं: ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि समोर बसून बोलणं. अर्धं खरं सांगून माणूस कसा छान गंडवता येतो बघा.

त्या पीडीएफच्या प्रत्येक पानावर खालच्या कोपऱ्यात एक पांढरी पट्टी होती. मला वाटलं, स्कॅनिंगची चूक असेल. हॉस्टेलवर मैत्रिणीने लात्वियन भाषा संस्थेची, म्हणजे सरकारीच, वेबसाइट उघडून दाखवली. तीच पानं, तीच चित्रं, फुकट. पट्टीच्या जागी संस्थेचा लोगो.

एजंट आता फोन उचलत नाही. बाबांनी सायबर हेल्पलाइन १९३० वर तक्रार नोंदवली आहे. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट होता म्हणून निदान ते खातं तरी सांगता आलं. सरांचं तर आडनावही आम्हाला माहीत नव्हतं.

कुणी ‘भाषेचं सर्टिफिकेट’ म्हणून पैसे मागत असेल, तर आधी युनिव्हर्सिटीच्या आंतरराष्ट्रीय विभागाला दोन ओळींचा मेल टाका. ऑफर लेटरवरच पत्ता असतो. मीही टाकला होता, पण क्लास संपल्यावर. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं: ‘पहिल्या सेमिस्टरला आम्हीच शिकवतो.’ एजंटला ते दाखवलं तर म्हणाला, "त्यांना नवे नियम माहीत नसतील."